तहान आणि तृष्णा : ख्रिस्ती ईश्वरओढीचा नैतिक प्रश्न

मराठीतील 'तहान' हा शब्द संस्कृत 'तृष्णा'पासून प्राकृत 'तण्हा'च्या वाटेने आलेला आहे. मूळ एकच असले तरी या दोन शब्दांची नैतिक कुळे मराठीत वेगळी झाली. तहान निरपराध आहे. ती देहाला लागते, पाणी मिळाले की भागते, आणि तहानलेल्याला पाणी पाजणे हे पुण्यकर्म मानले जाते. तृष्णा मात्र सापराध आहे. ती भागत नाही, भागवू गेल्यास वाढते, आणि बौद्ध विचारात तर तीच दुःखाचे मूळ ठरते. ख्रिस्ती परंपरेने मानवी जीवाच्या ईश्वरविषयक ओढीसाठी जी रूपके योजली त्यांत तहानेचे रूपक अतिशय जुने आणि चिवट आहे. हे रूपक मराठीतून वाचणाऱ्याला एक प्रश्न टाळता येत नाही : ही ओढ तहान आहे की तृष्णा?

प्रश्न केवळ शब्दांचा नाही. ही ओढ तहान असेल, तर ती कधीतरी भागली पाहिजे, आणि ज्याची ती आयुष्यभर भागली नाही त्याचे काय, याचे उत्तर श्रद्धेला द्यावे लागेल. ती तृष्णा असेल, तर ती आत्मासक्तीचेच एक उंची रूप ठरेल. धन आणि कीर्ती यांच्या जागी ईश्वर आला, एवढाच फरक. ख्रिस्ती चिंतनाच्या इतिहासात हे दोन्ही आक्षेप घरातूनच घेतले गेले आहेत, हे येथे लक्षात घ्यावयास हवे.

रूपकाचा उगम इब्री स्तोत्रसंग्रहात शोधावा लागतो. बेचाळिसाव्या स्तोत्रातील पाण्यासाठी धापणारे हरिण सर्वपरिचित आहे. आत्म्याच्या आध्यात्मिक अवस्थेला दिलेली एक सुंदर उपमा, असे त्याचे वाचन रूढ झाले आहे. हे वाचन अपुरे आहे. ज्या शब्दाचे भाषांतर 'जीव' किंवा 'आत्मा' असे केले जाते तो इब्री शब्द 'नेफेश', आणि 'नेफेश'चा एक जुना अर्थ घसा, गळा असा आहे. जो घसा कोरडा पडतो तोच जीव, जो श्वास आत घेतो तोच प्राण. देहापासून वेगळा काढलेला आत्मा येथे अभिप्रेतच नाही. तेव्हा देहाची तहान हे उपमान आणि आत्म्याची ओढ हे उपमेय, अशी नेटकी विभागणी मूळ भाषेत टिकत नाही. ग्रीक चिंतनाच्या संस्कारातून आलेली देह-आत्मा ही फाळणी आपण नंतर या स्तोत्रावर लादली.

याच स्तोत्रात आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे भाष्यकारांचे असावे तितके लक्ष नसते. पाण्यासाठी तळमळणारा हा माणूस काही ओळींनंतर पाण्यात बुडतो आहे. डोह डोहाला हाक मारतो आहे, लाटा त्याच्या अंगावरून जात आहेत. मंदिरापासून दूर, यार्देनेच्या उगमाकडील डोंगराळ मुलखात तो आहे. तुझा देव कोठे आहे, असे लोक त्याला विचारीत आहेत. स्वतःच्या अश्रूंखेरीज त्याच्या तोंडी काही नाही. जे हवे आहे तेच जिवावर उठले आहे. ईश्वर हा तहान भागवणारा पेला आहे, असे या कवीला वाटत नव्हते, एवढे तरी यावरून म्हणता येईल.

पहिला आक्षेप स्वीडिश ईश्वरशास्त्रज्ञ अँडर्स निग्रेन याने 1930 आणि 1936 मध्ये दोन भागांत प्रसिद्ध केलेल्या ख्रिस्ती प्रेमकल्पनेवरील ग्रंथात सर्वांत कठोरपणे मांडला. त्याच्या मते प्रेमाच्या दोन परस्परविरोधी कल्पना आहेत. 'एरोस' म्हणजे उणिवेतून जन्मणारी, वर चढू पाहणारी, आपले हित शोधणारी ओढ, ती प्लेटोची. 'अगापे' म्हणजे कोणत्याही उणिवेविना खाली उतरणारे, योग्यायोग्य न पाहता दिले जाणारे प्रेम. ते नव्या कराराचे. ऑगस्टीनने या दोहोंचा संकर केला आणि ईश्वराची ओढ हीच ख्रिस्ती जीवनाचा गाभा आहे अशी समजूत पश्चिमेत रुजवली, असा निग्रेनचा आरोप आहे. तहानलेला माणूस पाण्यावर प्रेम करीत नाही, स्वतःवर करतो. ईश्वराची तहान लागली असे म्हणणारा माणूस ईश्वराला पाण्याच्या पातळीवर आणतो.

निग्रेनची विभागणी फार रेखीव आहे, आणि इतक्या रेखीव विभागण्यांविषयी सावध असलेले बरे. तथापि ऑगस्टीनचे लेखन या आरोपाला जागा देते हे नाकारता येत नाही. इ.स. 397 ते 400 च्या सुमारास लिहिलेल्या 'कन्फेशन्स'च्या प्रारंभीच मानवी हृदयाची अस्वस्थता आणि ईश्वरात मिळणारा विसावा यांचे नाते तो सांगतो. दुसऱ्या एका ग्रंथात 'उपयोग' आणि 'आस्वाद' असा भेद करून तो म्हणतो की आस्वाद्य वस्तू खऱ्या अर्थाने एक ईश्वरच. ईश्वर साधन नव्हे, साध्य आहे, हे सांगण्यासाठीच हा भेद आहे. पण आस्वाद घेणारा 'मी' या मांडणीत आपल्या जागी तसाच बसून राहतो.

त्या 'मी'ला उठवण्याचा प्रयत्नही ऑगस्टीननेच केला आहे. योहानाच्या पहिल्या पत्रावरील प्रवचनांपैकी चौथ्यात तो ख्रिस्ती माणसाच्या साऱ्या आयुष्यालाच पवित्र ओढ म्हणतो, आणि एक बाजारातला दृष्टांत देतो : पिशवीत पुष्कळ माल भरावयाचा असेल तर ती आधी ताणून मोठी करावी लागते. ईश्वर भेट लांबणीवर टाकतो तो ओढ वाढावी म्हणून, आणि ओढ वाढते ती माणूस रुंदावा म्हणून. येथे तहानेचे काम बदलले आहे. ती आता भागवून घेण्याची गरज राहिली नाही. तहानलेल्याचा आकारच ती बदलते. अर्थात्, पिशवी शेवटी भरलीच पाहिजे, हा आग्रह या दृष्टांतातही सुटलेला नाही.

तो आग्रह सोडला निस्साच्या ग्रेगरीने, ऑगस्टीनच्या किंचित आधी, आशिया मायनरमधील कापादोकिया प्रांतात. चौथ्या शतकाच्या अखेरीच्या त्याच्या 'मोशेचे जीवन' या ग्रंथात एक विलक्षण युक्तिवाद आहे. मोशे ईश्वराचे तेज पाहण्याची विनंती करतो. त्याला खडकाच्या कपारीत उभे केले जाते आणि ईश्वर पुढे निघून जाताना फक्त पाठमोरा दिसतो. ग्रेगरी म्हणतो, यात मोशेची निराशा झालेली नाही. पाठ दिसते ती मागून चालणाऱ्याला. आणि जो मागे चालतो तोच योग्य दिशेने चालतो, कारण समोरून येणारा विरुद्ध दिशेला जात असतो. ईश्वराला पाहणे म्हणजे त्याला पाहण्याची इच्छा कधीही न संपणे. पौलाने फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात मागचे विसरून पुढच्याकडे झेपावणाऱ्या धावपटूची प्रतिमा आहे. ग्रेगरीने तिला तत्त्वाचे रूप दिले.

हा युक्तिवाद हौसेखातर केलेला नाही, त्यामागे एक खरी अडचण होती. तिसऱ्या शतकातील ओरिजेन याच्या विचारात असे येते की आदिम जीव ईश्वराच्या सान्निध्यात असतानाच तृप्तीने निरिच्छ झाले, थंडावले आणि म्हणून पतन पावले. एकदा जे झाले ते पुन्हा का होऊ नये? तृप्ती म्हणजे अखेर कंटाळा असेल, तर स्वर्गही सुरक्षित नाही. ग्रेगरीचे उत्तर असे की जे अमर्याद आहे त्याने कोणी तृप्त होऊ शकत नाही. प्रत्येक घोट तहान भागवतो आणि त्याच क्षणी ती वाढवतो. म्हणजे बौद्ध विचाराने तृष्णेचे जे लक्षण सांगितले, भागवू गेल्यास वाढणे, नेमके तेच लक्षण ग्रेगरीने शुभ ठरवले. दोन्हींचे वर्णन एक, निवाडा उलट. फरक विषयात आहे : मर्यादित वस्तूसाठी अमर्याद तृष्णा हे दुःख, अमर्यादासाठी अमर्याद ओढ हा आनंद.

युक्तिवाद देखणा आहे, आणि निग्रेनच्या आरोपाला तो पुरतो; जी ओढ तृप्तीवरचा हक्कच सोडून देते तिला स्वार्थी म्हणणे कठीण आहे. पण हक्क सोडणे वेगळे आणि ओढच सोडणे वेगळे. सतराव्या शतकातील फ्रान्समध्ये फेनेलाँने शुद्ध प्रेमाच्या नावाखाली स्वतःच्या मोक्षाविषयीही उदासीन होण्यापर्यंत मजल मारली. 1697 मधील त्याच्या पुस्तकातील तेवीस विधाने 1699 मध्ये पोपने निषिद्ध ठरवली. बोस्युएशी झालेल्या त्या वादात राजदरबारचे राजकारण पुष्कळ होते, तरी निर्णयामागील जाणीव महत्त्वाची आहे : ज्याला काहीच नको तो निःस्वार्थ असेलच असे नाही, तो केवळ कोरडा झालेला असू शकतो. चर्चला तहान हवी होती.

ग्रेगरीची खरी उणीव दुसरीकडे आहे. त्याचा मोशे पाठ तरी पाहतो. प्रत्येक पावलाला त्याला काही मिळते, म्हणून पुढचे पाऊल पडते. ज्याला काहीच दिसत नाही, एकही घोट मिळत नाही, त्याच्याविषयी हा सिद्धान्त फारसे बोलत नाही. दुसरा आक्षेप येथे उभा राहतो.

त्यावर एक सोपे उत्तर लोकप्रिय आहे. सी. एस. लुइस याने 1952 च्या 'मिअर ख्रिश्चॅनिटी'त ते मांडले : निसर्गसिद्ध इच्छा असेल तर तिचा विषयही असतो, भूक आहे तशी अन्नही आहे, तेव्हा या जगातील कशानेही न शमणारी ओढ असेल तर आपण दुसऱ्या जगासाठी घडवले गेलो असणे संभवनीय आहे. सामान्य वाचकाला हे पटते, कारण त्यात तहानेचे रूपक गुपचूप पुराव्याचे काम करते. परंतु तहान एवढेच सिद्ध करते की तहानलेला हा पाण्यावाचून न जगणारा प्राणी आहे. या वाळवंटात पाणी आहे हे ती सिद्ध करीत नाही. शिवाय ईश्वराची ओढ ही तहानेसारखी निसर्गसिद्ध आहे, हेच तर सिद्ध करावयाचे होते; ते रूपकाने आधीच गृहीत धरले. रूपकाला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे केले की ते खोटे बोलू लागते.

योहानाचे शुभवर्तमान हे रूपक वेगळ्या रीतीने हाताळते, आणि ती रीत कथनाची आहे, युक्तिवादाची नाही. चौथ्या अध्यायात येशू थकून विहिरीवर बसलेला आहे. वेळ सहाव्या तासाची, म्हणजे दुपारची. पाणी भरावयास आलेल्या शोमरोनी स्त्रीकडे तो पाणी मागतो. यहुदी आणि शोमरोनी यांच्यात व्यवहार नसतो, भांड्याला भांडे लागत नाही, हे कथनकार मुद्दाम नोंदवतो. 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्यावर जे घडले त्यानंतर मराठी वाचकाला हा प्रसंग निव्वळ प्रतीक म्हणून वाचता येऊ नये. येथे वरचढ समाजातला पुरुष, जिच्या हातचे चालत नाही तिच्याकडे, तहानलेला म्हणून येतो. पुढे संभाषण जिवंत पाण्याकडे वळते, ती घागर तेथेच टाकून गावात जाते. आणि येशू पाणी प्याला असे कथनात कोठेही सांगितलेले नाही.

ती तहान एकोणिसाव्या अध्यायापर्यंत तशीच राहते. पिलाताने येशूला लोकांपुढे उभे केले तेव्हाही वेळ सहाव्या तासाची आहे. त्यानंतर वधस्तंभावर तो तहान लागल्याचे सांगतो आणि त्याला आंब दिली जाते. मृत्यूनंतर त्याच्या कुशीतून रक्त आणि पाणी बाहेर येते. सातव्या अध्यायात तहानलेल्यांनी आपल्याकडे यावे असे सांगणारा हाच. पाणी देणारा येथे स्वतः तहानेने मरतो, आणि त्याच्या मृत देहातून पाणी वाहते. माणसाला ईश्वराची तहान लागते, या विधानाचा कर्ता आणि कर्म यांची योहानाने अदलाबदल केली : ईश्वरालाच तहान लागली आहे.

मराठीला ही अदलाबदल परकी नाही. वारकरी कल्पनेत विटेवर उभा राहून वाट पाहणारा तो देव आहे. ओढ दोन्हीकडून आहे. 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो अशा आशयाचे म्हटल्याचे प्रसिद्ध आहे. त्यांच्या अभंगरचनेला या ओढीची भाषा ओवी-अभंगांतून आयती मिळाली. त्याची किंमतही होती. विरहाचे सूर इतके परिचित असतात की ऐकणाऱ्याला तहानेपेक्षा गोडवाच जास्त जाणवतो. ख्रिस्ती मराठी कवितेचे मूल्यमापन करणाऱ्यांनी या गोडव्याचा हिशेब अद्याप पुरता मांडलेला नाही. वधस्तंभावरची तहान गोड नाही. तिला आंब मिळाली आहे.

या अदलाबदलीचा नैतिक कस एका आयुष्यात पाहता येतो. मदर तेरेसांना 10 सप्टेंबर 1946 रोजी दार्जिलिंगच्या रेल्वेप्रवासात जी हाक ऐकू आली असे त्या सांगत, तिचा गाभा ख्रिस्ताची तहान हाच होता; त्यांच्या संघाच्या प्रार्थनामंदिरांतून वधस्तंभाशेजारी ते तहानेचे दोन इंग्रजी शब्द लिहिलेले असतात. 2007 मध्ये त्यांची खासगी पत्रे प्रसिद्ध झाली तेव्हा कळले की कार्य सुरू झाल्याच्या सुमारासच त्यांचा ईश्वरानुभव आटला, आणि 1958 मधील एक छोटा खंड सोडला तर तो अखेरपर्यंत परतला नाही. ओढ मात्र होती, आणि ती यातना देत होती. ही पत्रे नष्ट करावीत असे त्यांनी विनवले होते. ते झाले नाही. आज ती अभ्यासाचा विषय आहेत, आणि ती वाचताना वाचकाला थोडे संकोचल्यासारखे वाटले तर ते योग्यच म्हणावे लागेल.

1961 मध्ये त्यांना मार्ग दाखवला तो जोसेफ नॉयनर या जेझुइट ईश्वरशास्त्रज्ञांनी. त्यांचे दीर्घकाळ अध्यापन आणि वास्तव्य पुण्यात होते. त्यांच्या सल्ल्याचा आशय असा होता : या अंधारात तुमचा दोष नाही, त्यावर मानवी उपाय नाही, आणि ईश्वराची तळमळ हीच त्याच्या गुप्त सान्निध्याची खूण आहे. त्यानंतर तेरेसा अंधारावर प्रेम करू लागल्या, तो येशूच्या वेदनेचा अंश म्हणून स्वीकारू लागल्या.

तिसरे वाक्य लुइसच्या अनुमानाच्या फार जवळचे आहे, आणि तर्काच्या कसोटीवर त्याची तीच गत होईल. अनुपस्थिती हाच उपस्थितीचा पुरावा मानला तर कोणताही अनुभव श्रद्धेविरुद्ध जाऊच शकत नाही. परंतु नॉयनर सिद्धान्त मांडीत नव्हते. एका माणसाला दुसरा माणूस धीर देत होता. सांत्वन म्हणून ते वाक्य खरे असू शकते, नियम म्हणून नाही. धोका सुरू होतो तो सांत्वनाचा नियम बनतो तेव्हा. मग कोणत्याही दुःखिताला सांगता येते की तुझी कळ हीच कृपा आहे. आणि ते सांगणाऱ्याला उठून पाणी आणण्याची गरज राहत नाही. 1995 मध्ये ख्रिस्तोफर हिचेन्सने तेरेसांवर जी टीका केली तिचा सूर अनेक ठिकाणी उथळ आहे, पण दुःखाच्या गौरवीकरणाविषयीचा तिचा प्रश्न उथळ नाही. स्वतःची तहान अर्थपूर्ण मानण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. दुसऱ्याची तहान अर्थपूर्ण आहे असे ठरवण्याचा अधिकार कोणालाही नाही; तिच्यापुढे करावयाचे काम एकच असते.

येथे निग्रेनचा आरोप पुन्हा दाराशी येतो. गरिबाच्या रूपात तहानलेल्या ख्रिस्ताला पाणी देणे, ही तेरेसांच्या कार्याची धारणा. मग तो गरीब कोण? ख्रिस्तापर्यंत पोहोचण्याची वाट? तसे असेल, तर साधन आधी ईश्वर होता, आता माणूस झाला, एवढेच. या प्रश्नाला धारणेच्या बाजूने एक बळकट उत्तर आहे : जो ख्रिस्तासाठी पाणी देतो तो त्या माणसाच्या योग्यतेचा हिशेब मांडीत नाही, म्हणून ते पाणी सर्वांना मिळते. उत्तर खरे आहे. तरीही पाणी पिणाऱ्या माणसाला, आपल्याकडे न पाहता आपल्यामागे कोणाला तरी पाहिले जात आहे असे वाटले, तर त्याची तक्रार खोटी म्हणता येत नाही.

ज्या उताऱ्यावर ही धारणा उभी आहे तो मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातील न्यायाचा प्रसंग मात्र काही वेगळे सांगतो. सिंहासनावरचा राजा नीतिमानांना सांगतो की त्यांनी त्याला तहानेच्या वेळी पाणी दिले. त्यावर ते चकित होऊन विचारतात, आम्ही तुला तहानलेला केव्हा पाहिले? हा प्रश्न विनयाचा नाही. त्यांना खरोखरच आठवत नाही. पाणी देताना त्यांच्या मनात ईश्वराची ओढ नव्हती, त्याच्यापर्यंत जाण्याचा हेतू नव्हता. समोर एक तहानलेला माणूस होता आणि त्यांनी त्याला पाणी दिले. डाव्या हाताला उभ्या केलेल्यांचा प्रश्नही शब्दशः जवळजवळ तोच आहे. तू आहेस हे कळले असते तर आम्ही दिलेच असते, असा त्याचा ध्वनी आहे. ईश्वराला ओळखण्यासाठी डोळे ताणून बसलेले लोक या दृश्यात डावीकडे आहेत.